ताता आणि भवानी पेठ

सोलापूरच्या स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला 'भवानी पेठ' असे सांगितले की तो आधी विचारतो, "भवानी पेठेत कुठे?" प्रश्न रास्त आहे. ही पेठ एवढी पसरली आहे की नुसत्या तिच्या नावावर कोणाचे घर सापडणे कठीण. मग तुम्ही 'घोंगडे वस्ती' म्हणा, 'मड्डी वस्ती' म्हणा, की रूपाभवानीच्या देवळाकडे बोट दाखवा. तुम्ही बोलत असता तेव्हा तो तुमची भाषा चाचपून पाहत असतो. तुमच्या मराठीला जरा हेल असला तर पुढचे वाक्य तो तेलुगूत टाकतो, नाहीतर कानडीत, नाहीतर दखनी हिंदीत. चार भाषांत भाव करणारा रिक्षावाला आमच्या गावात काही विद्वान समजला जात नाही. पोट भरायला तेवढे लागतेच.

शहराच्या या अंगाला आम्ही 'पूर्वभाग' म्हणतो. पाहुण्याला इथे पहिल्यांदा ऐकू येतो तो खडखडाट. दर दोन-चार घरांआड एक पत्र्याची शेड, शेडीत यंत्रमाग, आणि मागांचा तो न थांबणारा खटाखट आवाज. नव्या माणसाला पहिली रात्र झोप येत नाही. आम्हांला आवाज थांबला की जाग येते. लाइट गेली की सगळी गल्ली कूस बदलते.

माझ्या लहानपणी यात गिरण्यांच्या भोंग्यांचीही भर होती. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली; तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. जुनी गिरणी माझ्या जन्माआधीच बंद पडली होती; उरलेल्यांचे भोंगे मात्र मी ऐकले आहेत. त्या भोंग्यांवर शाळा भरत, चुली पेटत आणि म्हाताऱ्यांची औषधे घेतली जात. पुढे तेही एकेक करून मुके झाले. आमच्या घरात त्या भोंग्यांवर कोणाचा विश्वास नव्हता तो एकट्या तातांचा. ते भोंग्याआधी उठत.

ताता म्हणजे आजोबा. हा शब्द तेलुगू आहे. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे, धंद्याने विणकर. आणि मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी नव्या वर्गात हजेरी घेताना माझे आडनाव ऐकलेले एखादे पोर दुसऱ्याकडे पाहून हसते. मी रागावत नाही. कवी लक्ष्मीनारायण बोल्ली आमच्याच समाजातले. तेही घरी तेलुगू आणि कागदावर मराठी. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'एका साळियाने' असे नाव दिले. २०१८ साली ते गेले, पण साळ्याच्या घरात मराठी नांदू शकते हे आम्हां पोरांना त्यांनी आधीच दाखवून ठेवले होते.

आमची माणसे इथे आली कशी, याचे उत्तर दुष्काळ आणि आगगाडी या दोन शब्दांत देता येते. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. १८७६-७७च्या दुष्काळाने दख्खनची गावे ओस पाडली. पूर्वेला निजामाचे राज्य होते. तेथल्या तेलंगणात विणकराच्या हाती कसब होते, पण सूत सावकाराचे, आणि वर देशमुखाची वेठ. वेठीला ना मजुरी ना वेळ. बोलावणे आले की माग सोडून उठायचे. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादेकडे रेल्वेचा फाटा निघाला आणि या माणसांना पळायला वाट मिळाली. सोलापुरात गिरणीचे सूत दाराशी मिळे, मागाला गिऱ्हाईक होते आणि निजामाचा अंमल इथे नव्हता. एक भाऊ आला की त्याने दुसऱ्याला बोलवावे, त्याने मेव्हण्याला, मेव्हण्याने शेजाऱ्याला, अशी ही वस्ती वाढली.

ताता १९३० साली आले. वय वर्षे चौदा. करीमनगरकडच्या खेड्यातून चुलत्याबरोबर आधी बैलगाडीने, मग रेल्वेने, आणि वाडी जंक्शनावर गाडी बदलून. त्यांचे नशीब असे की त्यांनी पाहिलेले पहिले सोलापूर लष्करी कायद्यातले होते. त्या वर्षी मे महिन्यात इथे गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस शहरातून नाहीसे झाले, आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत इंग्रजाने मार्शल लॉ पुकारला. ताता सांगत, "मी उतरलो, स्टेशनात गोरे शिपाई उभा. मी काकाला विचारला, हे आपला देशमुखाचा माणूस काय? काका म्हटला, चूप, हे देशमुखाचापण देशमुख." पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, संक्रांतीचे दिवस होते. त्या वर्षी त्यांच्या कारखान्यात कोणी तीळगूळ वाटला नाही, एवढे ताता नेहमी सांगत. ते चौघे कोण होते हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळले. तीळगूळ मिळाला नाही हे चौदा वर्षांच्या पोराला त्याच दिवशी कळले होते.

कारखाना म्हणजे एका लांबट घरात दहा-बारा हातमाग. मालकाकडून उचल घ्यायची, त्याच्याच माळ्यावर राहायचे आणि विणून ती उचल फेडायची. फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नसे, आणि ती सहसा फिटत नसे. मध्येच एखादे लग्न किंवा बाळंतपण येई. नवा माणूस आला तर मालक त्याला उगाच उचल देत नसे. ओळखीचा जामीन लागे. हा 'जामीन' शब्द लक्षात ठेवावा. आमच्या घराची सगळी कथा त्यात आहे.

ताता खड्ड्याच्या मागावर लुगडी विणत. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर विणकराची बैठक, पाय खड्ड्यात. पायांनी पट्ट्या दाबल्या की ताण्याचे दोरे वर-खाली उघडत. दोरीला झटका दिला की धोटा एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला धावे. मग फणी ओढून तो बाण्याचा दोरा बसवायचा. पुन्हा पाय, पुन्हा झटका, पुन्हा फणी. दिवसाकाठी एक नऊवारी लुगडे उतरले म्हणजे हात चांगला. मागे बायको-पोरांनी कांड्या भरायच्या त्या वेगळ्याच. पहाटे गल्लीत पांजणी चाले: या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणून त्याला खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंचल्याने दोरा न् दोरा मोकळा करायचा. ताता सांगत, त्या वेळी गल्लीतून जाणारा माणूस वाकून जाई; ताणा ओलांडून जायची कोणाची छाती नव्हती. मराठीतला माग आणि तेलुगूतला मग्गम हे शब्द मला सख्ख्या भावांसारखे वाटतात, असे मी एकदा त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "असणार. दोघांचा पाठ दुखतो."

आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळी. पूर्वभागातले अर्धे संसार या विड्यांनी तारले आहेत. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि तोंड दुमडायचे. हजारावर मजुरी. अव्वा बोलता बोलता वळी, रडता रडताही वळी. घरात कायम तंबाखूचा दर्प. मी शाळेत गेलो की माझ्या दप्तरालाही तो येई. अशा कष्टकरी बायकांसाठी पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, आणि २०२४च्या जानेवारीत रे नगरात पंधरा हजार घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या. माझ्या मावशीला त्यांतले एक मिळाले. ती म्हणते, घर चांगले आहे, पण मागांचा आवाज नसल्याने झोप येत नाही.

आता तातांच्या मराठीविषयी. ती सत्तर वर्षांत सुधारली नाही. मराठीतले लिंग हे त्यांना देवाने घातलेले कोडे वाटे. म्हैस 'आला', बैल 'गेली', आणि अव्वा चिडून माहेरी गेली की "माझा बायको रुसला". पेठेत कोणाला त्याचे काही वाटत नसे. वाटले ते मला. मी नववीत होतो, १९९३ साल. निबंधस्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले, मराठीचे. समारंभाला पालकांना बोलावले होते. नायना, म्हणजे माझे वडील, पाळी सोडून येणार नव्हते. ताता येणार होते. गुरुजींशी ते बोलणार, मुले ऐकणार, आणि 'मराठीत पहिला' आलेल्या मुलाच्या घरी म्हैस 'आला' असतो हे साऱ्या शाळेला कळणार, या भीतीने मी त्यांना कार्यक्रमाची तारीख एक दिवस पुढची सांगितली.

समारंभ झाला. बक्षिसाचे पुस्तक मी दप्तरात लपवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताता धुतलेले धोतर नेसून, रुमाल बांधून शाळेत गेले. मैदान रिकामे. शिपायाने सांगितले, कार्यक्रम काल झाला. ते चालत घरी आले. मी दारातच उभा होतो. ते मला म्हणाले, "तिन्नावा, बिड्डा?" जेवलास का, बाळ? मी मान हलवली. मग म्हणाले, "पुस्तक दाखव." मी दाखवले. त्यांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी पानांवरून बोट फिरवले, सूत पारखावे तसा कागद चिमटीत धरून पाहिला, आणि म्हणाले, "चांगला आहे. घट्ट आहे." पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. ते १९९९ साली गेले तेव्हा मी बी.ए.ला होतो. सांगायला सहा वर्षे मिळाली होती.

तातांचा एक लाडका शब्द होता, 'पोनी'. जाऊ दे, असा त्याचा अर्थ. दूध उतू गेले, पोनी. यंत्रमाग येऊन हातमाग मोडीत निघाले, पोनी. नायनांना या शब्दाची चीड होती आणि तिला कारण होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास तातांनी उचल फेडून स्वतःचे दोन माग उभे केले होते. १९४७-४८त रझाकारांच्या भीतीने तेलंगणातून माणसे लोंढ्याने इकडे आली. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले, तरी पोटासाठी येणारे येतच राहिले. आमच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी झोपलेला असे. सकाळी ताता त्याला कारखान्यात नेत आणि जामीन राहत. अशीच १९५९ साली एका माणसासाठी त्यांनी साडेतीनशे रुपयांची हमी घेतली. आठ महिन्यांनी तो बायको-पोरांसह रातोरात निघून गेला. मालकाने तातांकडे बोट दाखवले. त्याआधीच्या मंदीने घर वाकले होते; दोन्ही माग विकावे लागले, तरीही काही देणे उरले. नायना तेव्हा सातवीत होते. गणितात पहिले. त्यांचे नाव शाळेतून निघाले आणि ते दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभे राहिले, ते साठीपर्यंत उभेच होते. त्यांच्या कानाला आता कमी ऐकू येते. घरात कोणी उसने मागायला आले की ते एवढेच म्हणत, "आमच्या घरात जामीनकीचे कोटे संपले."

ताता मात्र यंत्रमागाशी भांडले नाहीत. म्हातारपणी नायनांच्या शेडीत जाऊन ते कोपऱ्यात बसत. लुगडी मागे पडून चादरी आणि टॉवेल आले होते. चादरीचा माग पाहून त्यांना लहान मुलासारखा आनंद होई. वर टांगलेली जकार्डची यंत्रणा, तिच्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. जिथे भोक तिथे दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. शिवाय चादर दुपदरी, एका बाजूला जो रंग जमिनीचा तो उलट बाजूला मोराचा. जकार्ड हा फ्रान्समधल्या लियाँचा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने ही युक्ती रूढ केली, आणि पुढे गणकयंत्रांनी भोकांची ती भाषा उचलली. हे मी तातांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "त्याचा बाप काय करायचा?" मी म्हटले, विणकरच होता. "मग बरोबर," ताता म्हणाले. आज सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव दुसऱ्या गावच्या मालाला लावता येत नाही. ज्यांच्या हातांनी ते मिळाले त्यांची अर्धी गावे तेलंगणात आहेत, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

वर्षातून तीन वेळा ताता देशमुख होत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे ते नवे जानवे घालून चालत. नवरात्रात बायका बतुकम्मा मांडत. तरवडाची पिवळी आणि कुरडूची फुले आणण्यासाठी ते पहाटे माळरानात जात, आणि ताटात उतरंड रचून झाली की चार पावले मागे सरून ती सरळ उभी आहे की नाही हे मागासारखे डोळ्याने मापत. आणि कोजागिरीला. त्या रात्री सोलापुरातून हजारो माणसे पायी तुळजापूरला जातात. रूपाभवानीपासून रस्ता माणसांनी भरून वाहतो. ताता रस्त्याच्या कडेला पाण्याचे दोन माठ मांडून रात्रभर बसत. स्वतः कधी तुळजापूरला चालत गेले नाहीत. विचारले तर म्हणत, "मी एकदा चालला ते पुरे."

त्यांच्या मागे उरलेली मोठी वस्तू म्हणजे एक लांबट वही, लाल कापडाने शिवलेली. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहायची असा घरचा रिवाज. ताता गेल्यावरही तो चालू राहिला. वही तेलुगूत होती. आमच्या घरात तेलुगू बोलता सर्वांना येते, वाचता कोणालाच नाही. आकडे तेवढे कळत: ५०, १२०, ३५०. हे सगळे आपले देणे, असे आम्ही समजत होतो. नायना तिला कुंकू लावत, पण उघडत नसत.

२०२० साली टाळेबंदी आली आणि भवानी पेठेत मी कधी न ऐकलेली गोष्ट ऐकली. शांतता. सगळे माग बंद. गल्लीत चिमण्यांचा आवाज येऊ लागला. महाविद्यालय बंद, झोप नाही. मुलीच्या वहीत मी तेलुगू अक्षरे गिरवायला बसलो. चाळिशीतला मराठीचा प्राध्यापक 'अ, आ' काढतो आहे हे पाहून मुलीला फार मजा वाटली. महिन्याभरात मी ताताची वही लावू लागलो.

ते देणे नव्हते. ज्यांच्यासाठी ते जामीन राहिले त्यांची ती यादी होती. माणसाचे नाव, गाव, कोणत्या साली आला, किती उचल, आणि शेवटी एक शब्द: फिटले. मी नायनांच्या उजव्या कानाशी बसून मोठ्याने वाचत गेलो. ते भिंतीकडे पाहत ऐकत होते. १९५९च्या त्या नावापाशी मी थांबलो. तिथे शिवी नव्हती, रेघ नव्हती. खाली बारीक अक्षरांत दहा, पंधरा, दहा असे आकडे, आणि १९६६ सालापाशी लिहिले होते: मी भरले, फिटले.

मला वाटले नायना उठून जातील. ते म्हणाले, "पुढे वाच." पुढे वाचण्यासारखे फार नव्हते. त्या माणसानंतरही ताता जामीन राहिले होते, चार जणांसाठी. नायनांनी बोटांवर हिशेब केला. गणितात पहिले आलेला तो मुलगा होता. "एकूण किती नावे?"

"एकेचाळीस."

"आणि पळाला किती?"

"एक."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी शाळा त्या एकात गेली." आणि जरा वेळाने, "पण चाळीसांनी फेडले की." यापैकी कोणते वाक्य शेवटचे धरावे हे मी त्यांना विचारले नाही. तातांनी केले ते बरोबर होते की चूक, याचा निकाल आमच्या घरात आजही लागलेला नाही. दुसऱ्याच्या पोरांना आसरा देताना त्यांच्या स्वतःच्या पोराची शाळा सुटली हे खरे. त्यांना कोणीतरी असाच जामीन मिळाला नसता तर हे घरच उभे राहिले नसते, हेही खरेच.

यंदाही दिवाळीला वही पाटावर असेल. या वर्षी मी तिच्यात कोरी पाने शिवून घेतली आहेत. पहिल्या पानावर, नुकत्याच शिकलेल्या वेड्यावाकड्या तेलुगू अक्षरांत, मी १९९३ची ती गोष्ट लिहिली आहे: बक्षीस, तारीख, रिकामे मैदान. तीत चुका असतील. म्हैस 'आला' अशाच काहीतरी. शेवटी 'फिटले' हा शब्द लिहायला हात उचलला होता, पण ती जागा मी तशीच ठेवली.